पाचवी-दहावीची टीडी: शाळेत द्यावी की आपल्या डॉक्टरांकडे?

कोथरूडची मीनल

शाळेच्या डायरीतून चिठ्ठी आली आहे. पाचवीच्या मुलांना टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस, शाळेतच देणार आहेत. संमतीपत्र भरून पाठवा. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एक गट म्हणतो, लस सरकारी आहे, फुकट आहे, सिस्टर रोज शेकड्यांनी टोचतात, देऊन टाका. दुसरा म्हणतो, शाळेत फ्रिज नाही, डॉक्टर समोर नाहीत, रांगेत उभं करून टोचणार. त्यापेक्षा नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे नेऊ.

या विषयातली जाणकार मंडळी इथे आहेत म्हणून विचारते. लसीच्या दर्जात फरक पडतो का? काही झालं तर शाळेत काय सोय असते? आणि नोंद कोण ठेवतं? मतं जरूर द्या, पण त्यामागचं कारणही लिहा.

शीतपेटी

फ्रिजपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे.

टीडी २ ते ८ अंशांत ठेवायची लस आहे. मनपाच्या दवाखान्यात ती आयएलआरमध्ये असते. त्या फ्रिजच्या भिंतीत बर्फाचं अस्तर असतं, त्यामुळे वीज गेली तरी तास-दोन तासांत तापमान हलत नाही. तिथून शाळेत ती व्हॅक्सिन कॅरियरमध्ये येते. त्यात चार आइसपॅक चार बाजूंना, मधे प्लास्टिकच्या पिशवीत कुप्या आणि वर फोमची गादी. उघडलेली कुपी गादीच्या खाचेत उभी ठेवतात, म्हणजे झाकण सारखं उघडावं लागत नाही.

बिघडतं कुठे, तर लोकांना भीती असते त्याच्या बरोबर उलट्या टोकाला. टीडीला थोडी ऊब सोसते, गोठणं अजिबात सोसत नाही. डीप फ्रीझरमधून काढलेला दगडासारखा आइसपॅक थेट कॅरियरमध्ये घातला की त्याला टेकलेली कुपी गोठू शकते. म्हणून पॅक आधी बाहेर टेबलावर मांडून ठेवायचे. हलवल्यावर आत पाणी खुळखुळलं आणि बाहेरून घाम आला, की मगच भरायचे. सकाळी घाईत हीच पायरी गाळली जाते. गोठून वितळलेल्या लसीत चोथा धरतो. कुपी हलवून ठेवली की तो भराभर तळाशी बसतो आणि वर पाणी निवळतं. अशी लस टोचली तर संरक्षण नीट मिळत नाही आणि हातही जास्त दुखतो.

पालकांना बघण्यासारखी खूण एकच, कुपीवरचा व्हीव्हीएम. जांभळट वर्तुळात फिका चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस चालेल. दोघांचा रंग एक झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला तर कुपी बाद. पण ही खूण फक्त उष्णतेची. गोठल्याचं ती सांगत नाही.

वारजेवासी

दवाखान्यात तरी वेगळं काय असतं? बऱ्याच ठिकाणी घरगुती फ्रिजच असतो. दारातल्या कप्प्यात लस, वर बर्फाचा कप्पा.

शीतपेटी

@वारजेवासी, सरसकट तसं नाही. लसींसाठीचा वेगळा फ्रिज आणि तापमानाची नोंद ठेवणारे पुष्कळ डॉक्टर पुण्यात आहेत. घरगुती फ्रिजही नीट वापरला तर चालतो. दारात लस नको, बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको, खाली भाजीच्या ट्रेमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायच्या, आत थर्मामीटर आणि सकाळ-संध्याकाळ नोंद. पालकांनी दवाखान्यात एवढंच विचारावं, "तापमानाची वही दाखवता का?" चांगल्या दवाखान्यात या प्रश्नाचा कुणाला राग येत नाही.

बाळगुटी

लसीच्या दर्जाचं शीतपेटींनी सांगितलं. मी "कोणती लस" यावर लिहितो, कारण तिथे शाळा आणि दवाखाना यांत खरा फरक आहे.

सरकारी वेळापत्रकात १० आणि १६ वर्षांना टीडी आहे. आधी टीटी, म्हणजे फक्त धनुर्वाताची लस होती, २०१९ पासून तिच्या जागी टीडी आली. कारण घटसर्प. लहानपणी घेतलेल्या डोसांचं संरक्षण हळूहळू ओसरतं आणि मोठी मुलं उघडी पडतात. खासगी बालरोगतज्ज्ञ १० ते १२ वर्षांना बहुधा टीडॅप देतात. त्यात डांग्या खोकल्याचा घटक जास्तीचा असतो, आणि पैसे पडतात.

टीडॅप झाली असेल तर त्याच सुमारास शाळेत पुन्हा टीडी नको. धनुर्वाताचे डोस फार जवळजवळ पडले की कधीकधी दंड कोपरापर्यंत सुजतो, लाल होतो. जिवाला धोका नसतो, पण मूल चार दिवस हात उचलत नाही आणि पालकांचा लसीवरचा विश्वास उडतो. उलट घोळही तितकाच होतो. शाळेला सांगायचं "आमच्या डॉक्टरांकडे देणार" आणि मग ते राहूनच जायचं. घटसर्पाच्या दृष्टीने हा दुसरा घोळ जास्त वाईट.

दवाखान्यातच न्यावं अशी मुलं मोजकी. आधीच्या कुठल्याही लसीनंतर तीव्र ॲलर्जी झालेली, रक्त लवकर न गोठण्याचा आजार असलेली, टोचताना झटका किंवा बेशुद्धी आल्याचा इतिहास असलेली, केमोथेरपी किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असलेली. साधी सर्दी, किरकोळ खोकला, दमा पण आटोक्यात, ही शाळेत लस नाकारायची कारणं नाहीत. अंगात ताप असेल तर त्या दिवशी थांबायचं.

गणूमास्तर

शाळेच्या बाजूने. लसीकरणाचा दिवस आदल्या आठवड्यातच सुधारतो किंवा बिघडतो.

समजा पाचवीच्या पाच तुकड्या, २४० मुलं. टीडीची कुपी १० डोसांची, म्हणजे २४ कुप्या आणि वर दहा टक्के. एका कॅरियरमध्ये साधारण १६ ते २० कुप्या बसतात, म्हणून दोन कॅरियर. एक सिस्टर दिवसाला दीडशे-दोनशे मुलं नीट टोचू शकते. त्यापुढे घाई होते, आणि घाईत नोंद चुकते. २४० मुलांना दोन सिस्टर मागायच्या किंवा दोन दिवस घ्यायचे.

तीन खोल्या लागतात. पहिलीत यादी आणि संमतीपत्र तपासणं, दुसरीत टोचणं, तिसरीत अर्धा तास बसवणं. टोचण्याच्या खोलीला पडदा हवाच. आत जायचं आणि बाहेर यायचं दार वेगळं हवं. एकच दार असेल तर बाहेर येणारं मूल दोन्ही हात पसरून "एवढ्ढी सुई!" असं सांगतं, आणि रांगेतली पुढची दहा तिथल्या तिथे पांढरी पडतात.

वार शुक्रवार-शनिवार नको. रात्री ताप आला तर रविवारी पालकांनी विचारायचं कुणाला? सोमवार ते बुधवार उत्तम. आणि डबा खाऊन झाल्यावरच टोचायचं. सकाळच्या शाळेतली निम्मी मुलं दूध न पिताच आलेली असतात.

मुळामुठा

"एवढ्ढी सुई" 😄 आणि ती सांगणारा नेहमी शेवटच्या बाकावरचाच असतो!

बाळगुटी

हसण्यावारी नेऊ नका, गणूमास्तरांचा दोन दारांचा मुद्दा वैद्यकीय आहे. शाळेतल्या लसीकरणात सर्वात जास्त दिसणारी "रिॲक्शन" म्हणजे भीतीने येणारी भोवळ. दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांत ती जास्त. एक पडलं की पाठोपाठ दुसरं, तिसरं. पालक फाटकावर जमतात, बातमी होते, आणि लसीत काहीच दोष नसतो.

भोवळ आणि खरी ॲलर्जी यांतला फरक शिक्षकांनाही माहीत असावा. भोवळ टोचताना किंवा लगेचच येते, चेहरा पांढरा पडतो, घाम येतो, नाडी मंद होते, आडवं करून पाय वर धरले की मूल मिनिटभरात सावरतं. तीव्र ॲलर्जी बहुधा पुढच्या काही मिनिटांत ते अर्ध्या तासात दिसते. अंगावर गांध्या, ओठ-पापण्या सुजणं, श्वासात शिटी, नाडी जलद आणि अशक्त. तिथे वाट बघायची नाही. ॲड्रेनलिन १:१००० किलोमागे ०.०१ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, आणि लगेच रुग्णवाहिका. हे किट सिस्टरकडे असतं. शाळेने आदल्या दिवशी दोन गोष्टी विचाराव्यात. ॲड्रेनलिनची मुदत कधी संपते, आणि रुग्णवाहिकेचा नंबर कुणाच्या फोनमध्ये आहे?

तीव्र ॲलर्जी फार दुर्मीळ आहे, लाखो डोसांत एखादी. पण तो अर्धा तास तिच्यासाठीच आहे. शाळेत तो पाळला जातो, कारण मुलं जाणार कुठे? दवाखान्यात टोचलं की पाचव्या मिनिटाला पालक खाली जाऊन स्कूटर काढतात.

स्पष्टवक्ता

सगळं मान्य. पण शाळा हे शिकायचं ठिकाण आहे. मुलं तिथे आयती बसलेली सापडतात म्हणून सरकारने तिथे सुई घेऊन जावं, हे मला पटत नाही. वर्ग चालू असताना मूल "नको" म्हणू शकतं का? चिठ्ठीत "देण्यात येईल" असं लिहितात. विचारत नाहीत, कळवतात.

कलम व काळजी

@स्पष्टवक्ता, संमतीबद्दलचा तुमचा आक्षेप रास्त आहे आणि त्याला इतिहास आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लसीचा प्रात्यक्षिक प्रकल्प झाला. अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. काही मुलींचे मृत्यू झाले. ते लसीमुळे झाल्याचं चौकशीत आढळलं नाही, पण संमतीतला हा दोष स्पष्ट दिसला. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला, आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने कडक ताशेरे ओढले. एचपीव्हीबद्दलची शंका देशात पुढे कित्येक वर्षं रेंगाळली, त्याला तो कागद मोठा कारणीभूत.

जानेवारी २०१९ मध्ये गोवर-रुबेला मोहिमेच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयानेही पालकांची स्पष्ट संमती घ्यायला सांगितलं. चिठ्ठी आली आणि उत्तर आलं नाही, तर तो होकार समजू नये.

पण यातून शाळा चुकीची जागा ठरत नाही. संमतीपत्र नीट लिहा. लसीचं नाव, कशासाठी, नेहमीचे त्रास, संपर्काचा नंबर. आणि तीन चौकोन: "द्या", "देऊ नका", "आधी दिली आहे, तारीख...". तिसरा चौकोन नसेल तर बाळगुटींनी सांगितलेला दुहेरी डोस ठरलेला.

आकडेमोड

शाळा की दवाखाना याचं उत्तर वयावर अवलंबून आहे, आणि बाहेरच्या देशांचा अनुभव हेच दाखवतो.

इंग्लंडने २००८ पासून, ऑस्ट्रेलियाने २००७ पासून एचपीव्ही प्रामुख्याने शाळेत दिली. रवांडाने २०११ मध्ये शाळेतून सुरुवात केली आणि ९० टक्क्यांच्या वर मुली गाठल्या. आपल्याकडे सिक्कीमने २०१८ मध्ये शाळांमधून नऊ वर्षांपुढच्या मुलींना ती दिली. तिथेही ९५ टक्क्यांहून जास्त. या वयाची निरोगी मुलं डॉक्टरकडे जातच नाहीत, शाळेत मात्र रोज जातात.

अमेरिकेत जवळजवळ सगळं दवाखान्यात. तिथे ११-१२ वर्षांना टीडॅप आणि एचपीव्ही एकाच भेटीत सुचवतात. टीडॅप घेतलेली किशोरवयीन मुलं नव्वद टक्क्यांच्या आसपास, एचपीव्हीचे डोस पूर्ण झालेली साठ टक्क्यांच्या आसपास. खोली तीच, डॉक्टर तेच. फरकाचं एक मोठं कारण असं की बहुतेक राज्यांत शाळा टीडॅपचा दाखला मागते, एचपीव्हीचा फार थोड्या ठिकाणी. म्हणजे टोचणं दवाखान्यात झालं तरी आकडा शाळेच्या फाटकाने वर नेला.

शाळेचा धोकाही सांगतो. मार्च २०२०ला शाळा बंद पडल्या तेव्हा इंग्लंडमधली एचपीव्हीची टक्केवारी धाडकन कोसळली आणि भरून यायला वर्षं लागली. सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवू नयेत.

स्पष्टवक्ता

फाटकाचा मुद्दा पटला. शाळेने कार्ड तपासावं, राहिलं असेल तर आठवण करावी, टोचायचं कुठे ते पालकांवर सोडावं. एवढ्यावर मी राजी आहे. मग शाळेत टोचायचं कारण उरतंच कुठे?

भवानी पेठ

कारण उरतं ते ज्यांचा "नेहमीचा डॉक्टर" नाही त्यांच्यासाठी. वाघोली, हिंजवडी, बाणेरच्या बांधकामांवरची मुलं वर्षात दोन-दोन शाळा बदलतात. आई-बाप दोघं रोजावर. दवाखान्याची वेळ सकाळची, म्हणजे लसीच्या दिवशी एकाची मजुरी बुडते. लस फुकट असली तरी तिच्यासाठी एक दिवसाची मजुरी मोजावी लागते. शाळेत टोचलं तर ती वाचते. कोथरूडच्या शाळेत हा मुद्दा दिसत नाही, येरवड्याच्या मनपा शाळेत पहिला दिसतो.

शाळेची मर्यादाही कबूल करतो. सगळ्यात धोक्यातली मुलं शाळेत नसतात. २०२२च्या अखेरीस मुंबईत, गोवंडी भागात गोवर पसरला तेव्हा आजारी पडलेली बरीच मुलं पाच वर्षांच्या आतली होती, आणि अनेकांचा एकही डोस झालेला नव्हता. तिथे आशाताईंनी घरोघर फिरून केलेली यादी आणि वस्तीतलं लसीकरण सत्र हाच मार्ग. पाच वर्षांखाली शाळा कामाची नाही.

मधला एक डोस सगळेच विसरतात. डीपीटीचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या एकत्र लसीचा दुसरा बूस्टर, ५ ते ६ वर्षांचा. आपल्याकडे पहिलीत मूल येतं तेच सहाच्या पुढे. डीपीटी सातव्या वाढदिवसापर्यंतच देतात. त्यानंतर टीडी, कारण मोठ्या वयात घटसर्पाचा पूर्ण ताकदीचा घटक जास्त त्रास देतो. म्हणजे पहिलीच्या जून-जुलैत कार्ड तपासलं नाही तर डांग्या खोकल्याचा शेवटचा सरकारी डोस कायमचा हुकतो. खरं तर ही तपासणी अंगणवाडी-बालवाडीतच व्हावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्याच वेळी कार्ड बघता येतं.

शीतपेटी

भवानी पेठ यांच्या मुद्द्याला पुरवणी. गोवर-रुबेलाची लस पावडर असते, द्रावणात मिसळावी लागते. मिसळल्यावर चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. दवाखान्यात दिवसाला एकच मूल आलं तर पाच डोसांच्या कुपीतले चार वाया. म्हणून "गुरुवारी या" असं सांगून परत पाठवतात, आणि परत पाठवलेलं मूल पुन्हा येईलच असं नाही. एका मुलासाठीही कुपी फोडायची, असा नियम आहे. ठामपणे सांगा.

टीडीचं तसं नाही. उघडलेली कुपी नीट थंड ठेवली, तोंड पाण्यात बुडलं नाही आणि व्हीव्हीएम ठीक असेल तर २८ दिवस चालते. त्यामुळे शाळेत गैरहजर राहिलेल्यांसाठी आठवड्याने पुन्हा यायला लसीच्या बाजूने काहीच अडचण नाही.

चिंचेखाली

अवांतर: टोचल्यावर दंड चोळायचा का? आणि आधीच पॅरासिटामॉल द्यायची का?

बाळगुटी

चोळायचं नाही. ओल्या गार कापडाची पट्टी ठेवा, हात हलता ठेवा. अंघोळ, खेळ सगळं चालेल. पॅरासिटामॉल आधीच देऊ नका. ताप आला किंवा फार दुखलं तर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. दोन-तीन दिवसांत ताप उतरला नाही किंवा गाठ वाढत गेली तर दाखवा.

कोथरूडची मीनल

सगळ्यांचे मनापासून आभार. दर्जा आणि सुरक्षितता या दोन्हींवर ग्रुपला सांगण्यासारखं खूप मिळालं. आमच्याकडे तीन चौकोनांचं संमतीपत्र नाही, ते पालक-शिक्षक संघाकडून करून घेऊ. आता नोंदीचं सांगा. शाळेत टोचल्यावर घरी काय येतं?

गणूमास्तर

बहुतेक ठिकाणी काहीच येत नाही, आणि शाळेतल्या लसीकरणाची खरी दुखरी नस तीच. सिस्टरच्या वहीत आकडा लागतो, "पाचवी ब, ४३". मुलाच्या कार्डावर काही उमटत नाही. पाच वर्षांनी गुडघा फुटला की दवाखान्यात विचारतात, शेवटचा डोस कधी? कुणालाच सांगता येत नाही, आणि सुई पुन्हा टोचली जाते.

उपाय सोपा आहे. शाळेने आदल्या दिवशी वर्गवार यादी छापावी: नाव, जन्मतारीख, पालकांचा मोबाइल, संमती, लस, बॅच नंबर, कुठल्या दंडात, तारीख. बॅच नंबर कुपीवरून पहिल्या मुलाच्या वेळीच लिहून घ्यायचा, कुपी बदलली की पुन्हा लिहायचा. यादीच्या दोन प्रती, एक सिस्टरकडे, एक शाळेच्या दप्तरी. मुलाच्या डायरीत त्याच दिवशी शिक्का आणि तारीख. दवाखान्याने मोबाइल नंबरवरून यू-विनवर, म्हणजे लसींच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत नोंद केली तर उत्तमच. होईल की नाही ते तिथेच विचारा.

कलम व काळजी

यादीत मोबाइल आणि आजारांची माहिती येते, तेव्हा ती वर्गाच्या ग्रुपवर फोटो काढून टाकू नका. "देऊ नका" लिहिलेल्या मुलांची नावंही फळ्यावर नकोत.

शीतपेटी

आणि सुया शाळेत राहू देऊ नका. प्रत्येक सुईचा भाग हब कटरने तोडून न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात, उरलेली सिरिंज लाल पिशवीत, आणि सगळं त्याच संध्याकाळी सिस्टरबरोबर परत. शिपाई मैदान झाडताना एकही टोपण सापडता कामा नये.

भवानी पेठ

दहावीचं राहिलंच. १६ वर्षांची टीडी सगळ्यात जास्त हुकते. दिवाळीनंतर दहावीच्या वर्गाला कुणी हात लावू देत नाही, मग सराव परीक्षा, मग बोर्ड, मग मुलं पांगतात. पाचवी आणि दहावी दोन्ही जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये, गणपतीच्या सुट्टीआधी उरकून घ्या. पावसाने गैरहजेरी असेल, म्हणून दुसरी फेरी दहा दिवसांत ठरवूनच पहिल्या फेरीची तारीख घ्या. दहावीत ज्यांची हुकली त्यांना अकरावीच्या किंवा आयटीआयच्या प्रवेशावेळी विचारता येईल. ज्यांनी शाळाच सोडली आहे त्यांची नावं मुख्याध्यापकांनी जवळच्या मनपा दवाखान्याला लेखी कळवावीत. ती मुलं त्याच वस्तीत असतात आणि आशाताईंना घर माहीत असतं.

स्पष्टवक्ता

ही शाळा सोडलेल्यांची यादी आमच्या शाळेच्या पुढच्या सभेत मांडतो. नमुना असेल तर कुणीतरी इथे टाका.

गणूमास्तर

उद्या टाकतो. चार रकाने पुरतात: नाव, जन्मतारीख, शेवटचा माहीत असलेला पत्ता, कुठली लस राहिली.